आसारामच्या दारातली जोडहोडी

गेवराईच्या रस्त्याला माजलगाव संपतं आणि ऊस सुरू होतो, तिथं आसारामचं पंक्चरचं दुकान आहे. पत्र्याचं शेड, पुढं कडुलिंब, लिंबाला टांगलेलं ट्रॅक्टरचं झिजलेलं टायर. दुसरी पाटी नाही. दसरा होऊन गेला होता. एका सकाळी त्या लिंबाखाली ट्रॉली थांबली आणि हमालांनी तिच्यातून एक होडी उतरवली.

एक म्हणायची म्हणून एक. खरं तर ती दोन लांब, अरुंद, पोकळ अंगं होती, हातभर अंतर सोडून नव्हे, चांगलं माणूस आडवं झोपेल एवढं अंतर सोडून ॲल्युमिनियमच्या नळ्यांनी एकमेकींना बांधलेली. मध्ये माणसांनी बसायला जाड जाळीचं कापड ताणलेलं. डोलकाठी आणि शीड काढून वेगळं ठेवलं होतं. पाण्याबाहेर ती होडी अवघडून बसल्यासारखी दिसत होती, परक्या घरी आलेल्या दोन बहिणींसारखी.

ट्रॉलीमागून महांतेशआप्पा मोटारसायकलवर आले. मोंढ्यात भुसार मालाचं दुकान. साठी ओलांडलेली, कपाळाला भस्म, पायात मात्र रबरी बूट. कॉलेजात असताना ते छात्रसेनेच्या नौदल शाखेत होते आणि कुठल्याशा तलावावर वाऱ्यावर होडी चालवायला शिकले होते. पुढं चाळीस वर्षं ज्वारी आणि हरभरा. मग दूरचा कुठलातरी क्लब बंद पडला, त्याची ही होडी त्यांनी विकत घेतली आणि माजलगावच्या धरणात सोडली. मोंढ्यातले हमाल तिला आप्पांची नवरी म्हणत. आप्पांच्या पत्नी महादेवी म्हणत, खरी नवरी परवडली, ती निदान बुडवत नाही.

"आसाराम, हिचं डावं पोट पाणी पितंय," आप्पा म्हणाले. "रविवारी धरणात मधोमध गेलतो. बघता बघता डावी बाजू बसायला लागली. राधाकिशन थर्माकोलवर बसून जाळं टाकत होता, त्यानं दोरी बांधून काठाला आणली. आणि वर लेकाचा मला विचारतो, आप्पा, मासे धरायचे का मासे व्हायचं, एकदा ठरवा."

"फायबरवाल्याला दावली न्हाई?"

"दाखवली. तो म्हणाला, सगळीवर नवा थर चढवतो. फट कुठं आहे विचारलं, तर म्हणाला, असेल कुठंतरी थराखाली."

आसाराम हसला. त्यानं होडीच्या अंगावरून तळवा फिरवला. दुधी रंगाचं फायबर, उन्हानं जरा पिठाळलेलं.

"सोडा हितं. बघतो."

"जमंल का पण? होडी आहे ही."

"आत हवा हाय ना? मग जमंल."

दुकानाच्या मागं दोन खोल्यांचं घर. घराच्या दारात सत्यभामा तांदूळ निवडत बसली होती. 'बघतो' हा शब्द तिनं ऐकला आणि तिचा हात सुपात तसाच थांबला.

कारण आसारामला दिसत नव्हतं. म्हणजे दिसत होतं. रस्ता दिसायचा, ऊस दिसायचा, माणूस आलं-गेलं कळायचं. पण ज्याच्याकडं थेट बघावं ते धुरात जायचं. कडेनं जग स्वच्छ आणि मधोमध धूर. साखरेच्या आजारानं डोळ्याचा पडदा धरला होता. अंबाजोगाईच्या डॉक्टरांनी सांगितलं होतं, गेलं ते परत येणार नाही, राहिलेलं इंजेक्शनं घेऊन टिकवता येईल. आसारामनं घरी येऊन सांगितलं, ड्रॉप दिलेत. सत्यभामानं विचारलं नाही. चहा कपाच्या शेजारी ओतला जातो आणि नवरा बशी खाली होती म्हणून सांगतो, तेव्हा बाईला विचारावं लागत नाही.

श्रावणात एका ट्रॅक्टरची पुढची ट्यूब त्यानं जोडून दिली होती. ट्यूबला दोन भोकं होती. त्याला एकच सापडलं. सिरसाळ्याच्या वाटेवर टायर बसलं, ट्रॅक्टर खड्ड्यात उतरला. कुणाला काही झालं नाही. ड्रायव्हर परत आला आणि दारात उभा राहून बोलला ते मात्र आसारामच्या मनातून गेलं नाही. "बे, दिसत न्हाई तर धंदा कशाला करतो?" उभ्या आयुष्यात त्याच्या हातचं ठिगळ सुटलं नव्हतं. मुलगा सोमनाथ चाकणला कंपनीत होता, तो रोज फोनवर म्हणायचा, अण्णा, आता पुरं झालं, इकडं या. दिवाळीला गाडी करून येतो, सामान बांधून ठेवा. मुलगा प्रेमानंच म्हणत होता, म्हणून त्याला उत्तर देणं अवघड जायचं.

त्या दिवशी जेवताना आसाराम म्हणाला, "ह्या होडीवर ठरवू."

"काय ठरवू?"

"आप्पाची होडी पाण्यातून कोरडी आली, तर दुकान राहील. न्हाई आली, तर सोमनाथसंगं जाऊ. मग म्या कटकट करणार न्हाई आन् तू बी रडायचं न्हाई."

सत्यभामानं त्याच्या ताटात भाकरी वाढली. ती एकदा पावसाळाभर चाकणला राहून आली होती. तिथं भिंतीपलीकडच्या बाईचा खोकला तिच्या ओळखीचा झाला होता. चेहरा कधी झाला नाही.

आसाराम मेंढरांच्या घरातला. सिरसाळ्याकडं त्यांचा वाडा होता, म्हणजे काट्याकुट्यांचं कुंपण आणि आत मेंढरं. पोरवयात तो बापामागं कळप घेऊन गोदावरीच्या पट्ट्यात जायचा. गेवराईला हमरस्त्यावर कळप ओलांडताना एका ट्रकचं टायर फुटलं आणि हबीब उस्तादांनी ते कसं उघडलं हे बघत तो उभा राहिला. मेंढरं पुढं गेली, तो मागं राहिला. बापानं दोन दिवस शिव्या दिल्या, मग एक घोंगडी आणून दिली. उस्तादांनी त्याला शिकवलं की भोक आधी कानानं विचारायचं, मग ओल्या गालानं, आणि शेवटी पाण्यात. गाल ओला करून ट्यूबजवळ नेला की सुईएवढी हवासुद्धा गार लागते. बुडबुडा काय, नवशिक्यालाही दिसतो.

आता त्याच्याकडं कान होता आणि गाल होता. बुडबुडा नव्हता.

होडीच्या मागच्या टोकाला, दोन्ही अंगांना एकेक बूच होतं, आट्यांचं. डाव्या अंगाचं बूच काढल्यावर आतलं पाणी बराच वेळ वाहत राहिलं. त्याला धरणाचा वास होता, शेवाळाचा. मग त्यानं उन्हाळ्यातल्या कुलरचा पंखा आणून त्या भोकासमोर लावला आणि होडी आतून पुरती वाळू दिली.

"हवेची टाकी लावता का?" सत्यभामानं विचारलं. टायरला हवा भरायची मोठी टाकी कोपऱ्यात उभी होती.

"येडी का काय. ट्रकची हवा दिली तर सांधे उकलतील हिचे. हिला सायकलच्या पंपानंच द्यायची. लेकराला दूध पाजल्यावानी."

त्यानं बुचाच्या जागी रबराचा तुकडा बसवून त्यातून सायकलच्या पंपाची नळी घातली. सत्यभामानं बादलीत साबणाचा फेस केला. तो थोडी हवा द्यायचा, मग कुंच्यानं फेस सांध्यावर लावायचा, आणि वाकून बघायचा. जिथून हवा येते तिथं फेसाला बारीक बुडबुड्यांची रांग उठते. आसाराम मान तिरकी करून, डोळ्याच्या कडेनं बघत होता. कडेनं त्याला फेस दिसायचा, फेसातली रांग नाही.

सत्यभामा चहा घेऊन आली. वरचा आणि खालचा भाग जिथं चिकटवला होता त्या सांध्यावर, मधल्या नळीच्या जरा पुढं, तिला बुडबुडे दिसले. शिजत्या भातासारखे. आसारामचा कुंचा तिथून कधीच पुढं गेला होता.

तिनं कप तिथंच, होडीच्या काठावर ठेवला.

"चहा घ्या."

तो चहा घ्यायला वळला, कपाकडं हात नेला, आणि हात तिथंच रेंगाळला. त्यानं बोट ओलं करून सांध्यावर फिरवलं. मग गाल नेला.

"हितं हाय," तो म्हणाला. "ये बघ. केसावानी चीर हाय."

"असंल," ती म्हणाली.

दुपारपर्यंत ती चहा, पाणी, सुपारी असं काहीबाही घेऊन येत राहिली. सुकाणूच्या पट्टीच्या एका स्क्रूपाशी कप ठेवला, बुचाच्या गळ्यापाशी ठेवला. त्यानं प्रत्येक ठिकाणी थांबून गाल लावला, खडूनं खूण केली. एवढा चहा आपण कधीपासून पितो, असं त्यानं विचारलं नाही.

मात्र एक भोक त्याचं त्याला सापडलं. पुढच्या टोकाकडं, वरच्या काठाच्या पन्हाळीखाली, जिथं कुणी बघणारही नाही. तो कानानं तिथं पोचला. हलकीशी सळसळ. मग गाल. गार, सरळ, दोऱ्यासारखी हवा. तो हसला. बऱ्याच दिवसांनी त्याचे दात दिसले.

"उस्ताद आसते तर पाठ थोपटली आसती," तो म्हणाला. उजव्या अंगालाही पंपानं हवा देऊन त्यानं नेमक्या त्याच जागी गाल लावून बघितला. तिथंही भोक. "एकाच साच्यातून काढलेली पोरं. एकाचं व्यंग ते दुसऱ्याचं."

सत्यभामानं वाकून बघितलं. भोक सुईएवढं, पण गोल होतं. कडा साफ. चीर अशी नसते. बारशाला सोनार पोरीचे कान टोचतो, दोन्ही पाळ्यांना सारखं, तसं ते दिसत होतं. तिच्या मनात आलं, हे कुणीतरी मुद्दाम पाडलंय. तिनं नवऱ्याकडं बघितलं. तो अजून हसत होता.

ती आत गेली.

पुढं आसारामनं काम केलं ते त्याच्या हातांनी केलं, आणि हातांना धूर नव्हता. चिरेभोवतीचं फायबर त्यानं पॉलिश पेपरनं खरवडलं, पुसलं, फायबरचं कापड कापून रेझिनमध्ये भिजवलं, बोटांनी दाबून त्यातली हवा काढली. स्क्रू सोडवून त्यांच्याखाली सील भरलं. बुचांचं चेमटलेलं रबर फेकून ट्रकच्या ट्यूबचं नवं वेटोळं कापलं. आणि ती दोन गोल भोकं रेझिननं भरून, घासून अशी गुळगुळीत केली की बोटालाही जागा कळू नये. उघडी हवा बंद करणं हेच त्यानं आयुष्यभर केलं होतं. हवा येते ते भोक आणि भोक बुजवायचं, ह्यात विचार करायचं काही असतं हे त्याला कुणी शिकवलं नव्हतं.

पुन्हा पंपानं हवा दिली. गाल फिरवला. सत्यभामानं फेस बघितला. कुठंच काही नाही.

"बिनसांध्याच्या बांगडीवानी झाली," तो म्हणाला.

धरणावर आप्पांनी होडी जोडायला सकाळ घालवली. डोलकाठी उभी केली, दोऱ्या बांधल्या, सोडल्या, परत बांधल्या. होडी काठावर उन्हात तापत पडली. ऑक्टोबरचं ऊन, पावसानंतरचं, खोटं न बोलणारं. दुपार कलल्यावर वारा आला तेव्हा सगळ्यांनी मिळून तिला पाण्यात लोटली. आप्पा चढून बसले, शीड भरलं, आणि बायका पदर सावरून निघतात तशी ती निघाली. आसाराम आणि सत्यभामा काठाला बाभळीखाली बसले. त्याला दूरवर पांढरा त्रिकोण दिसत होता. सरळ बघितलं की नाहीसा व्हायचा, मान वळवली की परत यायचा. तो मान वळवून बसला.

आप्पा परत आले. होडी काठावर तिरकी करून त्यांनी डावं बूच काढलं. पाणी आलं. पहिल्याइतकं नाही, पण आलं. मग त्यांनी उजवं काढलं. त्यातूनही आलं.

"आसाराम," आप्पा हळू आवाजात म्हणाले, "उजव्या पोटात आजवर थेंब नव्हता."

आसारामनं धार हातावर घेतली. पाणी गार होतं. "आप्पा, हिला परत दुकानावर सोडा," तो म्हणाला. "जशी व्हती तशी तरी करून देतो."

घरी येताना मोटारसायकलवर सत्यभामा मागं बसली होती. गाडी आप्पांचा माणूस चालवत होता, मध्ये आसाराम. दारात उतरल्यावर आसाराम म्हणाला, "सोमनाथला सांग. गाडी आण म्हणावं."

दुसऱ्या दिवशी होडी लिंबाखाली परत आली. लिंबाची सावली दुपारी दुसरीकडं सरकते, तेव्हा होडी सगळी उन्हात आली. आसाराम दुकानात पाने पुसून, मोठे-लहान लावून पेटीत भरत होता. एरवी तो पाने कधी पुसत नसे. सत्यभामा बाहेर वाळवण फिरवत होती. तिला होडीतून आवाज आला. कट्. थोड्या वेळानं पुन्हा, कट्. भांडं तापताना येतो तसा.

ती जवळ गेली आणि बोटांच्या पेरांनी होडीच्या कुशीवर वाजवलं. मग पुन्हा वाजवलं, जरा पुढं. तीही मेंढरांच्या घरातली. माहेरी तिनं लहानपणी हेच केलं होतं.

"अवो, जरा बाहेर या."

"काय हाय?"

"हिचं पोट फुगलंय."

"होडीचं कुठं पोट फुगतं?"

"हात तर लावा. भिजलेला घास खाल्लेल्या मेंढीवानी वाजतंय."

आसाराम आला. त्यानं तळवा ठेवला आणि चटका बसून उचलला. मग पेरांनी वाजवलं. तो आवाज त्याला ठाऊक होता. ओला लसूणघास खाऊन मेंढी फुगली की बाप तिच्या डाव्या कुशीवर असाच वाजवायचा, कान लावायचा, आणि पोरांना म्हणायचा, वारं धरलंय, वाट दिली पाहिजे. त्याचा हात मेंढीच्या पाठीवर असायचा, सगळा वेळ.

आसारामनं फडकं घेतलं आणि मागचं बूच फिरवायला सुरुवात केली. शेवटच्या आट्यावर बूच हातातून उडालं. भोकातून गरम, रेझिनच्या वासाची हवा त्याच्या तोंडावर आली, आणि येतच राहिली.

"एवढी हवा म्या भरली न्हाई," तो म्हणाला.

"उन्हानं भरली."

तो तिथंच मातीत बसला. चैत्र-वैशाखात टायरात हवा कमी ठेवा, ऊन ती फुगवतं, हे त्यानंच ट्रकवाल्यांना किती वर्षं सांगितलं होतं. तो बोलत गेला, तिला सांगितल्यासारखा, खरं तर स्वतःलाच. उन्हात आतली हवा फुगली. तिला जायला वाट नव्हती, ती बुचाच्या आट्यांतून थोडी थोडी निघून गेली. मग तापलेली होडी गार पाण्यात लोटली. आत राहिलेली हवा आकसली, आणि आकसताना तिनं ओढून घेतलं, जिथनं मिळालं तिथनं. बाहेर पाणीच होतं.

"म्हणजे हिला वारं घ्यायला-सोडायला..." तो थांबला. "ते भोक."

"ते पाडलेलंच व्हतं," सत्यभामा म्हणाली. "गोल व्हतं. दोन्हीकडं एकाच जागी. पाणी पोचणार न्हाई आशा उंचीवर. म्या बघितलं व्हतं."

"बघितलं व्हतंस?"

"व्हय."

"मग बोलली कावून न्हाईस?"

ती वाळवणाकडं बघत राहिली. "तुमी हसत व्हतात."

रस्त्यावरून एक ट्रक गेला. त्याची धूळ वाळवणावर येऊन बसली.

"आन् चहाचा कप?" आसाराम म्हणाला.

तिनं पदराचं टोक बोटाला गुंडाळलं.

"बुडबुडा दिसत न्हाई मला. कप दिसतो. जिथं जिथं कप ठेवलास तिथं तिथं फट निघाली. एवढा बी खुळा न्हाई म्या."

"मग तुमी कावून न्हाई बोललात?"

त्यानं उडालेलं बूच मातीतून उचललं. "तू ठेवत व्हतीस," तो म्हणाला. "गोड वाटलं."

"साखर न्हाई घालत म्या त्यात."

तो हसला. मग हसू ओसरलं आणि तो खाली मातीकडं बघत म्हणाला, "आता आसं नगं. तुला दिसलं तर दिसलं म्हणायचं. तोंडानं. कप ठेवून न्हाई."

"आन् तुमी?"

हे त्याला जड गेलं. त्यानं फडक्यानं हात पुसले, कोरडेच होते तरी पुसले.

"म्या न्हाई दिसलं तर न्हाई दिसलं म्हणीन."

त्यांनी होडीला लिंबाच्या सावलीत ओढून घेतलं आणि अंग गार होऊ दिलं. आसारामनं बारीक पातं लावून हातड्रिल घेतलं. रेझिन घासून त्यानं जागा इतकी बेमालूम केली होती की ती आता त्यालाच सापडेना. सत्यभामानं बोट ठेवलं. "हितं. जरा खाली. हां." ड्रिल फिरलं, पांढरा भुगा पन्हाळीतून गळला. त्यानं गाल लावला. आतली आणि बाहेरची हवा आता सारखीच होती, म्हणून गालाला काही लागलं नाही. पंपानं थोडी हवा दिली तेव्हा लागली. मग दुसरी बाजू. मग पहिल्यापासून सगळे सांधे, फेस लावून. तो हवा देत होता आणि ती मोठ्यानं सांगत होती, न्हाई, न्हाई, हितं बी न्हाई, थांबा, न्हाई, माझाच केस हाय. त्याच्या राठ हातात कुंचा आणि तिच्या डोळ्यांत फेस. संध्याकाळपर्यंत ती दोघं होडीभोवती अशी फिरत राहिली.

रविवारी आप्पांनी होडी पुन्हा नेली. आसारामनं त्यांना भोकाची गोष्ट सगळी सांगितली, आपण बुजवलं होतं तेही. आप्पा कपाळाला हात लावून म्हणाले, "मीपण किती वेळा धुतली हिला. ते भोक मला कधी दिसलंच नाही. आणि दिसलं असतं तर मीच गोंद लावला असता बघ."

होडी मुद्दाम तापू दिली. मग पाण्यात लोटली. आप्पा लांब गेले, इतके लांब की शीड आसारामला कडेनंही दिसेना. सत्यभामा सांगत होती. आता वळले. आता राधाकिशनच्या जाळ्याजवळनं गेले. आता तो हात हालवतोय, काहीतरी बोलतोय बघा, शिव्याच आसतील. दोन्ही बाजू सारख्याच बसल्यात, एक बी खाली न्हाई.

काठावर आल्यावर आप्पांनी बूच काढायला सत्यभामाला सांगितलं नाही, आसारामलाच सांगितलं. त्यानं डावं काढलं. होडी तिरकी केली. एक थेंब बुचाच्या आट्यावर आला आणि तिथंच चमकत राहिला. उजव्यातून तेवढाही आला नाही. आसारामनं दोन बोटं आत घातली, फिरवली, बाहेर काढून अंगठ्यावर घासली. आतलं कोरडं, खरबरीत फायबर त्याच्या बोटांना कळलं. तो बराच वेळ बोटं घासत राहिला.

"वा, आसाराम!" आप्पा म्हणाले. "हात आहे तुझा."

"हात माझा," आसाराम म्हणाला. पुढं काही म्हणायचं होतं, पण काठावर बरीच माणसं जमली होती आणि त्याचं तोंड मिटलं.

परतीच्या वाटेवर दोघं चालत आली. उसाला तुरे फुटायला वेळ होता, पण वास येत होता.

"मग?" सत्यभामानं विचारलं. "कोरडी आली की."

"आली. पर माझ्या एकट्यानं न्हाई आली."

"एकट्यानं आली पायजे, आसं कुठं म्हणला व्हतात?"

तो चालता चालता थांबला, त्यानं आठवून बघितलं. तसं तो खरंच म्हणाला नव्हता. मग अंबाजोगाईच्या डॉक्टरांनी ड्रॉप नव्हे, इंजेक्शनं सांगितली होती, तेही त्यानं तिला सांगून टाकलं.

संध्याकाळी सोमनाथचा फोन आला. बोलायला सत्यभामाच बसली. "दिवाळीला ये. गाडी नगं करू, येष्टीनं ये," ती म्हणाली. "सामान न्हाई बांधलं. आन् सुट्टी एक दिवस वाढवून घे. अण्णांना अंबाजोगाईला न्यायचंय, डोळ्यांत इंजेक्शन हाय." मग बराच वेळ ती नुसतं हं, हं करत राहिली. पोरगं पलीकडून रागावलं होतं, मग काळजीत पडलं होतं, मग फटाके आणू का विचारत होतं. आसाराम ऐकत होता. डोळ्यांचं तिनं एका दमात सांगून टाकलं, त्याला वाटलं होतं त्यापेक्षा ते सोपं निघालं. पण ते तिनं सांगितलं होतं.

दोन-चार दिवसांनी सकाळीच एक दूधवाला आला. मोटारसायकलला दोन्हीकडं किटल्या, मागचं चाक बसलेलं, धारूरकडचा, ओळखीचा नाही. घाईत होता.

"काका, लवकर करा, दूध नासंल."

आसारामनं टायर उघडलं, ट्यूब ओढून काढली, हवा भरली. कानाजवळ नेली. गालाजवळ नेली. एक जागा त्याला कळली, खडूनं खूण केली. मग घमेल्यातल्या पाण्यात ट्यूब बुडवली आणि नेहमीसारखा वाकला. पाण्यात आभाळ होतं, लिंबाची फांदी होती, आणि मधोमध धूर.

तो सरळ झाला.

"अगं ए," त्यानं घराकडं हाक मारली. "ये जरा. बघ."

सत्यभामा आली. पदर खोचून घमेल्याशी उकिडवी बसली. आसाराम ट्यूब पाण्यातून हळूहळू फिरवू लागला.

दूधवाल्यानं एकदा तिच्याकडं बघितलं, एकदा आसारामकडं. "काकू बघणार व्हय?"

"तिलाच दिसतं," आसाराम म्हणाला. "मला न्हाई दिसत."

दूधवाला घमेल्यावर वाकून उभा होता, त्याची सावली पाण्यावर पडली होती. ते त्याच्या ध्यानात आलं आणि तो बाजूला सरकला.

"थांबा," सत्यभामा म्हणाली. "आजून एक हाय."